मनगटाच्या आतल्या बाजूला

मावशी घड्याळ उलटं घालते. डायल मनगटाच्या आतल्या बाजूला, नाडी लागते तिथे, आणि बकल वर. लहानपणी मला वाटायचं, घड्याळ सैल असल्यामुळे आपोआप फिरत असेल. मग एकदा तिनेच सांगितलं. एकतीस वर्षं तिने शाळेत शिकवलं. डाव्या हातात पुस्तक उघडं धरलं की तळवा आपल्याकडे येतो आणि मनगटाची आतली बाजू थेट डोळ्यांसमोर. वाचता वाचता नजर जराशी खाली नेली की वेळ कळते. हात फिरवावा लागत नाही, आणि मुलांना पत्ता लागत नाही. "बाई घड्याळ बघतायत हे एकदा दिसलं ना, की मागच्या बाकावरची दप्तरं भरायला लागतात," ती म्हणाली.

तेच घड्याळ तिने मागच्या महिन्यात माझ्या हातात ठेवलं. "यंत्र ठीक आहे. पट्टा तेवढा बघ. आणि हे बघ, नवा नको."

नवा का नको, हे विचारायची गरज नव्हती. तिचं मनगट बारीक आहे, आता तर आणखीच. नवा पट्टा आठ-पंधरा दिवस ताठ असतो, मनगटाला बिलगत नाही, आणि डायल आतल्या बाजूला असेल तर सैल पट्ट्यात ती लगेच घसरून कडेला येते. हा पट्टा मात्र हातातून काढून टेबलावर ठेवला तरी तिच्या मनगटाचा आकार धरून बसतो. पूर्ण गोल नाही, लांबट. डायलच्या दोन्ही बाजूंना जवळजवळ सपाट आणि बकलकडे एकदम वळलेला. मनगट आतून सपाट असतं आणि वरून गोलसर, हे मला त्या रिकाम्या पट्ट्याकडे बघून पहिल्यांदा नीट कळलं.

मी हे काम हौशीने करते. गेल्या सहा-सात वर्षांत पंधरा-वीस पट्टे हाताखालून गेले असतील. काम हातात घेतलं की पहिला दिवस मी काहीच करत नाही, फक्त बघते. उजेडात धरायचं, भिंगाखाली धरायचं, वास घ्यायचा. पट्टा कुठे झिजलाय ते समजलं की तो कसा वापरला गेला ते समजतं, आणि त्याशिवाय हात लावण्यात अर्थ नाही.

एरवी झीज बकलजवळ असते. आपण लिहिताना, टाइप करताना बकल टेबलावर घासतं, त्यावर ओरखडे येतात, शेजारचं चामडं गुळगुळीत होतं. मावशीचं बकल मात्र लखलखीत होतं. तिच्या वह्या तपासायच्या टेबलाच्या कडेवर घासली होती ती डायल, आणि डायलला लागून असलेलं दोन्हीकडचं बोटभर चामडं. तिथला रंग पार उडाला होता, वरचा पापुद्रा खरखरीत झाला होता आणि अस्तर चामड्यापासून सुटून तोंड वासून उभं होतं. एका बाजूचे चार टाके तुटले होते. शेपटी अडकवायचं सरकतं लूप एका जागी फाटलं होतं. सात भोकांपैकी डायलकडून तिसरं लांबट होऊन गेलं होतं, त्याच्या शेजारी बकलच्या दांडीची खोल घडी. चौथ्यापाशी तशीच एक घडी होती, पण फिकट, जुनी. बाकीची पाच भोकं नव्यासारखी गोल.

आणि टाक्यांच्या भोकांमध्ये पांढरी भुकटी.

चामड्यावर पांढरं दिसलं की बहुतेक जण बुरशी म्हणून मोकळे होतात आणि ओल्या फडक्याने खसाखसा पुसतात. मीही पूर्वी तेच करायचे. पण पांढरं बऱ्याच गोष्टींचं असतं. घामातलं मीठ वाळून वर येतं, ते पाण्याच्या थेंबात विरघळतं. बुरशीला कोंदट वास असतो, भिंगाखाली तंतू दिसतात आणि पुसली तरी दमट हवेत ती परत उगवते. तिसरा प्रकार चरबीचा. चामडं कमावताना किंवा नंतर त्यात मुरवलेले स्निग्ध पदार्थ थंडीत वर येऊन गोठतात, धुरकट साय धरल्यासारखे. त्यावर गरम वाफारा दिला, अगदी तोंडाने हाss करून फुंकलं, तरी ती साय मऊ होऊन नाहीशी होते. मावशीच्या पट्ट्यावरचं पांढरं यातलं काहीच नव्हतं. फुंकरीने जाईना, थेंबात विरघळेना, वास नाही. सुईच्या टोकाने थोडंसं काळ्या कागदावर काढलं, बोटाने चोळलं, आणि मग कळलं. खडू होता. शाळा सोडून तिला नऊ वर्षं झाली. तो खडू टाक्यांच्या भोकांत तसाच बसून होता.

मी तो कागद तसाच बाजूला ठेवून दिला आणि थोडा वेळ काम थांबवलं.

हातात धरायचं घड्याळ मनगटावर रुळलं तेच मुळी हात मोकळे हवेत म्हणून. १९०४ मध्ये लुई कार्तिए यांनी अल्बेर्तो सांतोस-द्युमाँ या वैमानिकासाठी मनगटी घड्याळ बनवलं, कारण विमान चालवताना खिशातलं घड्याळ काढून बघणं त्यांना जमत नव्हतं. पहिल्या महायुद्धात तर खंदकांमधल्या सैनिकांनी मनगटावरच घड्याळं बांधली. त्या घड्याळांना डायलच्या दोन्ही अंगांना तारेचे कान डाखलेले असायचे आणि त्यातून चामड्याचा पट्टा ओवायचा. स्प्रिंग असलेली, काढता-घालता येणारी पिन नंतर रुळली. पण वैमानिक असो, सैनिक असो, नाहीतर एका हातात पुस्तक आणि दुसऱ्या हातात खडू धरलेली बाई असो, गरज एकच. त्या गरजेचा सगळा भार चामड्याच्या दोन तुकड्यांवर असतो. घड्याळाच्या यंत्राबद्दल लोक तासन् तास बोलतात. ते यंत्र ज्यावर लटकलेलं असतं त्याबद्दल फार कमी बोललं जातं, आणि मला हे नेहमी खटकतं.

मावशीचा पट्टा घड्याळाला धरून ठेवणाऱ्या पिना काढल्या. दोन्ही गंजल्या होत्या. इथे एक सांगायलाच हवं. घड्याळ हातातून पडतं ते पट्टा तुटल्यामुळे जितकं, तितकंच पिन खाल्ली गेल्यामुळे. घामातलं मीठ स्प्रिंगच्या नळीत शिरतं आणि बाहेरून काही दिसतही नाही. पट्ट्याचं काम करताना मी जुन्या पिना कधीच परत घालत नाही.

आता चामडं कोणतं ते ठरवायचं होतं. वरचा थर आणि अस्तर पुष्कळदा वेगवेगळ्या पद्धतीने कमावलेले असतात. झाडांच्या सालींतल्या आणि फळांतल्या टॅनिन नावाच्या तुरट द्रव्याने कमावायची रीत फार जुनी, तिला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात. दुसरी क्रोमियमच्या क्षारांची. जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रिडरिश क्नाप यांनी ती १८५८ मध्ये मांडली, १८८४ मध्ये अमेरिकेत ऑगस्टस शुल्ट्झ यांनी तिचं पेटंट घेतलं, आणि मग महिन्यांचं काम काही दिवसांवर आलं. ओळखायची सोपी खूण म्हणजे कापलेली कड. आतून फिकट निळसर-करडी दिसली तर बहुधा क्रोम, तपकिरी दिसली तर बहुधा झाडाची. खात्री हवी असेल तर कडेला सुटलेला केसाएवढा धागा उकळत्या पाण्यात टाकायचा. टॅनिनचं चामडं क्षणात आकसून वळतं आणि वाळल्यावर कडक होतं, क्रोमचं फारसं बदलत नाही. वरच्या थराचा धागा पाण्यात तसाच तरंगत राहिला. अस्तराचा मात्र लगेच वळून गोळा झाला. म्हणजे जपायचं होतं ते अस्तराला. तेच त्वचेला लागून असतं, घाम तेच पितं, आणि पाण्याला, उष्णतेला तेच घाबरतं.

साबण वापरला नाही. चामडं स्वभावाने आम्लधर्मी असतं, त्याचा सामू (पीएच; सातच्या खाली आम्ल, वर अल्क) साधारण साडेतीन ते पाचच्या आसपास. अंगाचा साबण नऊ-दहाच्या घरात. एकदा धुतलं म्हणून लगेच काही होत नाही, पण ज्या बंधांनी टॅनिन चामड्याला धरून असतं ते अशाने सैल पडतात. घामाचंही तसंच. ताजा घाम किंचित आम्ल असतो, पण पट्ट्यात मुरून राहिला की जिवाणू त्याचा अमोनिया करतात आणि तो हळूहळू अल्कधर्मी होतो. जुन्या पट्ट्याचा तो उग्र वास त्याचाच. मी फक्त शुद्ध पाण्यात बुडवून घट्ट पिळलेला कापूस अस्तरावर टेकवायचे आणि लगेच टीपकागद दाबायचे. पाण्याबरोबर मीठ वर येतं आणि कागदात उतरतं. पहिल्या कागदावर चहासारखा डाग आला. पाचव्या कागदावर नुसतीच ओल.

तेल लावायचा मोह मला इथे नेहमी होतो, आणि नेहमी मला माझा स्वतःचा एक पट्टा आठवतो. हे काम शिकायला सुरुवात केली तेव्हा तो माझ्या हातात होता, गडद तपकिरी, कोरडा पडलेला. कोरडा म्हणजे तहानलेला, असं मी धरून चालले. गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढतात ते नीट्सफूट तेल मी त्याला लावलं, मुरलं म्हणून पुन्हा लावलं, रात्री झोपताना पुन्हा. सकाळी तो काळा पडला होता आणि चिंधीसारखा लोंबत होता. चार दिवसांत अस्तराचा गोंद सुटला. भोकं ताणून लांब झाली. बाहीच्या कडेला तेलाचा डाग पडला तो गेलाच नाही. चामडं म्हणजे कोलॅजन या प्रथिनाच्या तंतूंचं दाट जाळं. त्या तंतूंमध्ये थोडी स्निग्धता हवी, म्हणजे ते एकमेकांवरून सरकतात. पण तेलात बुडवलं तर ते एकमेकांना धरतच नाहीत. तो पट्टा मला मिळाला होता भेट म्हणून. तो मी वाचवू शकले असते, पण माझ्याच हाताने गेला. संग्रहालयांतही एके काळी जुन्या चामडी वस्तूंना नेमाने लॅनोलिन (लोकरीतली चरबी) आणि मेणाची मिश्रणं लावायचे. पुढे लक्षात आलं की त्यावर धूळ बसते, रंग काळवंडतो, काही वस्तू चिकट होतात, आणि मग ती सरसकट पद्धत मागे पडली. मोठमोठ्या जाणकारांनाही हे चुका करूनच कळलं, याने माझं दुःख कमी होत नाही. पण तेव्हापासून माझा हात आखडता झाला, तो झालाच.

सगळ्यात नाजूक वेळ वाळवण्याची. ओलसर पट्टा टीपकागदात सपाट ठेवून वर जाड पुस्तक ठेवायचं, असं सगळे सांगतात आणि एरवी मीही तेच करते. या वेळी पुस्तक हातात घेतलं आणि थबकले. सपाट वाळवला असता तर पट्टा दिसायला सुबक झाला असता, आणि मावशीचं मनगट त्यातून निघून गेलं असतं. ओलं चामडं ज्या आकारात वाळतं तो आकार धरतं. पाणी उडून जाताना तंतू जवळ येतात आणि जिथे आहेत तिथे एकमेकांना चिकटतात. तो लांबट, एका बाजूने चपटा वळसा घडायला पंधराएक वर्षांचा घाम आणि ऊब लागली होती. मी तो एका रात्रीत, स्वच्छतेच्या नादात, पुसून टाकणार होते.

तिला फोन केला. "दोऱ्याने मनगट मोजून सांग." साडेचौदा सेंटीमीटर भरलं. सुती कापडाची घट्ट गुंडाळी केली, तेवढ्या घेराची, आणि एका बाजूने हाताने दाबून चपटी केली. चपट्या बाजूला दोन्ही तुकड्यांची डायलकडची टोकं आली, गोल बाजूला बकल. पट्टा त्यावर बसवला, तेव्हा तो कुठेही ओढ न लागता बसला, आणि मला समजलं की गुंडाळी बरोबर जमली आहे. वर पंखा नाही, ऊन नाही, केस वाळवायचं यंत्र तर नाहीच. सावलीत. दर अर्ध्या तासाने काढायचा, बोटांमध्ये अलगद पुढे-मागे वाकवायचा आणि परत गुंडाळीवर. वाळताना असं हलवत राहिलं की तंतू एकमेकांना सलग चिकटत नाहीत, चामडं पुठ्ठ्यासारखं होत नाही. चामड्याच्या कारखान्यात हेच काम यंत्र करतं, त्याला स्टेकिंग म्हणतात. दुपारभर माझं दुसरं काही काम झालं नाही. संध्याकाळी पट्टा जेमतेम दमट होता. रात्री झोपण्यापूर्वी शेवटचा वाकवला आणि गुंडाळीवर ठेवून दिवा मालवला.

दुसऱ्या दिवशी मधमाश्यांच्या मेणाचं आणि तेलाचं मलम, टाचणीच्या डोक्याएवढं, बोटावर घेऊन बोटाच्या उबेने पसरवलं. वरच्या बाजूला फक्त. अस्तराला नाही.

मग टाके. जिथे अस्तर सुटलं होतं तिथे आतून जुना गोंद ब्लेडने खरवडला, दोन्ही बाजूंना सोल्यूशन या गोंदाचा पातळ हात दिला, हाताला चिकटेनासं झालं की दाबलं. शिलाई जुन्याच भोकांतून. इतक्या अरुंद पट्ट्यात, कानांपाशी चौदा मिलिमीटर आणि बकलपाशी बारा, एक जरी नवीन भोक पाडलं तरी टपाल तिकिटाच्या कडेसारखी फाटायची रेघच तयार होते. म्हणून आरी, म्हणजे चामड्याला भोक पाडायची टोचणी, हातात घ्यायची ती फक्त भोक मोकळं करायला, मोठं करायला नाही. यंत्राच्या शिलाईत वरचा दोरा आणि खालचा दोरा एकमेकांत अडकलेले असतात, एक तुटला की शेजारचे टाके उसवत जातात. हाताची शिलाई वेगळी. एकच दोरा, दोन टोकांना दोन सुया, आणि प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून जातात. एखादा टाका पुढे कधी तुटला तरी शेजारचे आपल्या जागी राहतात. दोन चांगल्या टाक्यांवरून सुरुवात केली, तुटलेले चार भरले, पुढच्या दोन चांगल्या टाक्यांवर नेऊन दोरा परत फिरवला. प्रत्येक टाक्याला दोन्ही हातांनी एकाच वेळी, सारखाच ताण. तो ताण बोटांना कळतो, सांगता येत नाही. चामडं किंचित आत दबतं आणि थांबतं, तिथेच थांबायचं.

जुना दोरा मातकट झाला होता. नवा दोरा त्याच रंगाचा आणला तरी नवाच दिसतो. तो मळवून जुन्याशी जुळवता आला असता, मी तसाच ठेवला.

लूप नवीन करावंच लागलं. घरातल्या एका कातड्याच्या तुकड्यातून पट्टी कापली, रापीने (चामडं सोलायच्या सुरीने) दोन्ही टोकं कागदासारखी पातळ सोलली, एकावर एक आणून चिकटवली आणि दोन टाके घातले. मग पट्ट्याच्या कडांना बारीक कानस, मग बारीक कागद, मग किंचित ओलं करून लाकडाच्या गुळगुळीत दांडीने घोटत बसले. घोटायचं काम मला फार आवडतं. सुरुवातीला काहीच होत नाही, कड तशीच केसाळ राहते. मग कधीतरी दांडी घसरायला लागते, आवाज बदलतो, आणि बघावं तर कड काचेसारखी चमकत असते. पण ही टॅनिनच्या चामड्याची गंमत. क्रोमचं चामडं तसं घोटलं जात नाही, स्पंजासारखं दबून परत उठतं. त्यामुळे चमकली ती अस्तराची अर्धी कड. वरच्या अर्ध्या कडेला रंगाचे दोन पातळ हात द्यावे लागले.

रंगाची बाटली हातात होती म्हणून डायलजवळच्या उडालेल्या रंगाकडे नजर गेली. पिनेच्या वळणाखाली, दिसणार नाही अशा जागी थेंब लावून पाहिला. रंग बरोबर जुळला. तरी तिथे लावला नाही. खरखर तेवढी मेणाने बसवली. ती जागा वह्यांनी झिजवली होती, हजारो वह्यांनी, आणि ती झाकायचं कारण मला सापडलं नाही. तिसऱ्या भोकालाही हात लावला नाही. ते लांबट आहे, दुबळं नाही. भिंगाखाली कडेला चीर दिसली असती तर आतून आधार दिला असता. चीर नव्हती. खडूचं मात्र मी बराच वेळ ठरवू शकले नाही. टाके घातले त्या भोकांतला निघून गेला. बाकीच्या भोकांमध्ये तो कुणाला त्रास देत नाही, तिथे राहू दिला.

रविवारी घड्याळ घेऊन गेले. मावशी खिडकीपाशी बसली होती. तिने पट्टा आधी नाकाला लावला, मग बोटांनी मागून पुढून चाचपला. नव्या टाक्यांवर तिचं बोट थांबलं. "हे तू घातलेस?" "हो." काही न बोलता तिने डाव्या हातावर चढवला, डायल आत, आणि न बघता बकलचा काटा तिसऱ्या भोकात घालायला गेली. पोचेना. मिलिमीटर-दोन मिलिमीटर कमी पडत होतं. ओलं होऊन वाळलेलं चामडं थोडं आकसतं. मला ते माहीत होतं, तरी काळजात धस्स झालं.

"थांब, मी ताणून देते," मी म्हटलं.

"काही नको." तिने काटा चौथ्या भोकात घातला, शेपटी नव्या लूपमधून ओढून घेतली आणि मनगटाकडे बघत राहिली. "इथेच घालायचे मी आधी. तू दहावीला होतीस तोपर्यंत." मग तळवा आपल्याकडे करून हात पुस्तक धरल्यासारखा वर उचलला. डायल जागेवर राहिली.

काल तिचा फोन आला होता. इकडचं तिकडचं बोलून झालं, आणि ठेवता ठेवता म्हणाली, "अगं, तिसऱ्यात आला."